बोरी ते झरी

मोईजभाई वारला आणि त्याच्या जागी मी उभा राहिलो.

आता हे वाक्य झालंच नाही असं धरून चालू. मीही तसंच धरून चाललो होतो आणि माझं बरं चाललं होतं. दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, उतरत्या दुपारी असरच्या नमाजनंतर गफ्फारचाचांच्या गादी कारखान्यातल्या मागच्या खोलीत आम्ही तिघं सतरंजीवर बसायचो, चौथी जागा मोकळी सोडायचो, आणि मोईजभाई जरा बाहेर गेलाय, येईलच, अशा चेहऱ्यानं नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गीत, गायचो. माझा हा थोरला भाऊ बाहेर जायचाच. गाणं सुरू होण्याआधी थोडा वेळ गायब होणं ही त्याची जुनी खोड. त्यामुळं त्याच्या नसण्यात फार नवीन काही वाटू नये एवढी सोय त्यानं हयातीतच करून ठेवली होती. माणूस मोठा व्यवस्थित.

परवा मात्र आमच्या गल्लीतला डीपी जळाला. ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडं डीपीच म्हणतात. पूर्ण शब्द फक्त अर्जात येतो. उन्हाळा, त्यात घरोघरी कूलर. त्यानं एकदा मोठा आवाज केला, तेल ओकलं आणि तो गप्प झाला. सगळा मोहल्ला घामाघूम होऊन ओट्यावर आला. आज दुपारी ट्रॅक्टरवर घालून नवीन डीपी आणला, लाईनमन लिंबाजीमामा वर चढला, खाली उतरला, खटका टाकला आणि पंखे फिरले. 'आली, आली' अशी गल्ली ओरडली, जणू नवरी दारात आली. चाचांचं कापूस पिंजायचं मशीन धडधडलं, समोरच्या घरात मिक्सर सुरू झाला. मी मागच्या खोलीत सतरंजी झटकत होतो. मग मिक्सर थांबला, चाचांनी मशीन बंद केलं, आणि जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा तसं मला झालं. पंखा होता, उजेड होता, करंट होता. भिंतीपलीकडून येणारं ते घूंऽऽ नव्हतं. मी सतरंजीवरच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. हे मला पहिल्यांदाच दिसलं.

आमच्या मंडळीचं नाव बज्म-ए-सादा, पण परभणीत आम्हाला बिनबाजा पार्टी म्हणतात. पेटी नाही, तबला नाही, साधा डफसुद्धा नाही, नुसते गळे; बाजा धर्मात बसत नाही असं मानणारे आम्ही. लोक बोलावणं द्यायला येतात, विचारतात, 'बाजा कोण आणणार?' आम्ही म्हणतो, 'कोणीच नाही.' मग ते म्हणतात, 'मग येणार कशाला?' तरी बोलावतात, कारण गफ्फारचाचांचा आवाज. चाचा गाद्या भरतात, मूळ नात तेच म्हणतात, आणि त्यांचा आवाज त्यांच्या कापसासारखाच आहे, हातात घेतला तर वजन नाही आणि अंगावर घेतला तर ऊब. वरच्या पट्टीत खाजा. खाजा रिक्षा चालवतो. त्याचा रिक्षा मागं घेताना सिनेमाचं गाणं वाजतं, म्हणून तालमीला येताना तो रिक्षा कधीच मागं घेत नाही. गल्लीच्या तोंडाशी लावतो आणि जाताना पूर्ण मोहल्ल्याला वळसा घालून पुढं पुढंच घरी जातो. एवढं आमचं कडक. मधला आवाज माझा. माझं नाव मुजम्मिल, म्हणतात मुज्जू, आणि मी तहसीलसमोरच्या टपरीत लोकांचे अर्ज टाईप करतो. मी मराठी माध्यमाचा. घरात दखनी बोलतो, मशिदीत उर्दू ऐकतो, दिवसभर 'मिळणेबाबत' असं लिहितो. रडायला यातली कुठली भाषा वापरायची ते ठरलं नसल्यामुळं तो विषय प्रलंबित आहे.

आणि आस मोईजभाईची. पेटी नसली की खाली कोणीतरी एक सूर धरून बसावं लागतं, तोंड मिटून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हलायचं नाही. त्याला आस देणं म्हणतात. आस देणाऱ्याच्या वाट्याला शब्द येत नाहीत. पैगंबरांची स्तुती आम्ही तिघांनी करायची, त्यानं नुसती जमीन व्हायचं. मोईजभाई जिनिंगमध्ये कामाला होता, दिवसभर मशीनच्या आवाजात उभा. त्याला बोलायची सवयच उरली नव्हती. भाभी म्हणायची, 'उनों से बात करना बोले तो दीवार को टेका देना.' म्हणजे त्याच्याशी बोलायचं तर उत्तर यायचं नाही, पण पाठ टेकता यायची. कार्यक्रमाच्या गावी पोचलो की तो उठून कुठंतरी जायचा आणि परत आला की सूर घेऊन यायचा, तयार, जसा कोणी विहिरीवरून भरलेली घागर आणतो. लोकांना वाटायचं त्याला शुगर आहे. ताडकळसला एका यजमानानं तर त्याला बाजूला घेऊन कारल्याचा रस सांगितला. मोईजभाईनं तो महिनाभर घेतला. नाही कसं म्हणायचं, एवढ्या मायेनं सांगितलं.

तो डीपीखाली जाऊन उभा राहायचा. हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं, आणि तेही लाजत, जसं कोणी दुसरं घर असल्याचं सांगावं. कुठल्याही गावात जा, म्हणाला, डीपी एकच सूर धरतो. ताडकळसचा आणि जिंतूरचा वेगळा नाही. आपल्या खोलीच्या भिंतीमागचा तोच. मी म्हणालो, भाई, मग आपली पार्टी बिनबाजा कशी? आपण तर सरकारी बाज्यावर गातो. तो एवढा घाबरला की मला मौलानांना विचारावं लागलं. मौलाना दुपारी झोपून उठले होते. त्यांनी विचारलं, 'उसकू बजाता कौन?' मी म्हणालो, कोणी नाही, आपोआप वाजतो. 'तो फिर बाजा कैसा?' म्हणाले, आणि थोडं थांबून, 'बिल भरते ना तुम लोग?' भरतो म्हणालो. म्हणाले, मग ठीक आहे.

सूर येतो कुठून हे बघायला आम्ही एकदा मोटारसायकलवर येलदरीला गेलो होतो. त्याचीच इच्छा. धरणाचं पाणी, खाली वीज बनवायचं केंद्र, तिथून सूर निघतो आणि तारांवरून जिल्हाभर जातो, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. गेटवरच्या माणसानं विचारलं, 'पास हाय का?' मोईजभाई म्हणाला, 'आत न्हाई यायचं, नुसतं ऐकायचंय.' गेटवरच्यानं ऐकण्याचा पास मागितला नाही, पण उभंही राहू दिलं नाही. आम्ही खाली तारांच्या खांबाजवळ जाऊन बसलो. मोईजभाईनं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नंतर फक्त एकदाच पाहिलं, आणि त्याबद्दल पुढं लिहावं लागणार आहे. सुलाबाई नावाची एक म्हातारी तिथं टोपलीत मासे घेऊन बसली होती. तिनं विचारलं, 'काय आयकायलाव बाबा?' मी सांगितलं, मशीनचा आवाज. ती म्हणाली, 'मशीन तर बंद हाय. पाणीच सोडलं न्हाई औंदा. ह्यो दुसरीकडचा करंट हाय, कुठला कोन जाने.' मला हसू आलं. एवढ्या लांब येऊन आम्ही बंद पडलेल्या केंद्राची आस ऐकत होतो. मोईजभाई मात्र हसला नाही. म्हणाला, 'मतलब बंद पडे तो भी आवाज रहती.' मग त्यानं सुलाबाईकडून मासे घेतले, आणि परत येताना ते माझ्या मांडीवर होते, आणि त्याची पाठ माझ्या छातीला लागलेली होती, आणि तिच्यातून तो सूर येत होता, की मोटारसायकलचा होता, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मागच्या हिवाळ्यात जिंतूरला एका घरभरणीचं बोलावणं होतं. दुपारी कार्यक्रम झाला, यजमानांनी बिर्याणी खाऊ घातली, आणि उन्हं कलल्यावर आम्ही जीपनं परत निघालो. मी पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं चाचा, खाजा, आणि खिडकीशी डोकं टेकून मोईजभाई. बोरी येईपर्यंत सगळे पेंगत होते. बोरी मागं पडलं आणि चाचांना लहर आली. त्यांनी हळूच एक नात उचलली, खाजानं वरून धरली, मी पुढच्या काचेकडं बघत मधून शिरलो. आस मागून आली, भरीव, एकसारखी, कुठं चीर नाही. आम्ही एवढं चांगलं कधीच गायलो नव्हतो. दोन्ही बाजूंना वेचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, त्यांवर राहिलेला थोडा पांढरा कापूस, तांबूस ऊन, आणि त्या सगळ्याखाली तो सूर. ड्रायव्हरनंसुद्धा हॉर्न वाजवायचं सोडलं. एक म्हैस आडवी आली तर थांबून तिला जाऊ दिलं. एक नात संपली की चाचा दुसरी उचलत. आस मधे तुटतच नव्हती, दोन नातांच्या मधल्या जागेतही चालू होती. खाजा म्हणाला, 'आज मोईजभाई का दम देखो.' झरीला ड्रायव्हरनं चहासाठी जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. आस थांबली. चाचा मान न वळवता जरा रागानंच म्हणाले, 'मोईज, छोड्या कायकू?'

डॉक्टर म्हणाले, झोपेतच. बराच वेळ झाला असावा. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, येलदरीला खांबाखाली होतं ते. एवढंच पुढं लिहायचं होतं.

भाभीनं नंतर विचारलं, 'कां?' तिला कारण नको होतं. दखनीत कां म्हणजे कुठं. मी म्हणालो, बोरी ते झरी. 'बीच में कां?' तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, ठपका नव्हता. घरातली किल्ली शोधताना विचारतात तसं विचारलं, की शेवटी कुठं बघितली होती. खाजा अजून त्या रस्त्यानं भाडं घेत नाही. आम्ही जीपच्या इंजिनावर गात होतो, हे भाभीला कसं सांगायचं? कोणत्या गाणाऱ्यांचं असं होईल? कुठल्याही घरात माणूस गप्प झाला की कळतं. आमच्यात तो सुरुवातीपासून गप्पच होता, नुसता वाजत होता, आणि वाजणं थांबलं नाही तोवर आम्ही त्याला वाहवा देत होतो.

त्यानंतरच्या पहिल्या जुमेरातला आम्ही खोलीत बसलो ते गाण्यासाठी नव्हे, पार्टी मोडायची कशी ते ठरवायला. खोलीत कापसाचे ढीग असल्यामुळं तिथं शांतता बाहेरच्यापेक्षा जाड असते. आणि त्या शांततेत, मोईजभाई ज्या भिंतीला पाठ लावून बसायचा त्या भिंतीतून, सूर येत होता. तिघांनीही ऐकला. कोणी कोणाकडं बघितलं नाही. चाचांनी डोळे मिटून नात उचलली. एवढंच झालं. ठराव नाही, चर्चा नाही. तेव्हापासून बाहेरची बोलावणी आम्ही काही ना काही सांगून टाळली आणि दर जुमेरातला त्या भिंतीशी गात राहिलो. मोईजभाई बाहेर गेलाय. डीपीखाली उभा आहे. येईलच. असं धरलं की खरंच चालतं. माणसाला चालवून घ्यायला किती कमी लागतं, एक भिंत आणि थोडा करंट.

म्हणून आज सतरंजी तशीच टाकून मी गल्लीत आलो. लिंबाजीमामा खांबाखाली पकड पुसत उभा होता.

'मामा, ह्याचा आवाज येत नाही.'

'कशाचा?'

'डीपीचा.'

'मंग बरंय की. चांगला डीपी आवाज करीतच न्हाई. तुमचा जुना लय घुमायचा. आतल्या पट्ट्या ढिल्या झालत्या त्याच्या. आमी तवाच म्हनलो, ह्यो जायलाय.'

'तवाच म्हणजे कधी?'

'लय दिस झाले. घुमायला लागला की समजून घ्यायचं. पर आमचं आयकतंय कोन?'

मला मोईजभाईची शेवटच्या महिन्यांतली आस आठवली. किती भरली होती. छातीत भांडं ठेवल्यासारखी. चाचा म्हणायचे, उमर के साथ आवाज पकती. आम्ही ऐकत होतो, आणि समजून घेणारा माणूस लाईनमन होता, तोही दुसऱ्या खात्याचा.

'ह्याच्या पट्ट्या थोड्या ढिल्या करता येतील का?' मी विचारलं.

लिंबाजीमामानं पकड खिशात घातली. 'मुज्जूभाई, ऊन लागलंय का तुमाला?'

'थोड्याच.'

'आवो, लोक चांगला डीपी मिळावा म्हनून मोर्चे काढायलेत.'

'मग जुना कुठं आहे?'

'स्टोअरला. तेल काढतेत, तांबं काढतेत. मंग ऱ्हातंय काय, डबडं.' तो सायकलवर बसला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पाय टेकवून थांबला. 'मोईजभाई हितं हुभा ऱ्हायचा न्हाई का? मी विचारलं बी एकदा, लाईट गेली का म्हनून. न्हाई म्हनला, सहज.' आणि जाता जाता, 'अर्ज देऊन बघा. समद्यांचे तुमीच लिव्हताव की.' तो गंमत करत होता. मलाही ती गंमतच वाटली, तेव्हा.

परत आलो तर खोलीत चाचा, खाजा आणि दारात भाभी. भाभी कधी कारखान्यात येत नाही. तिच्या हातात मोईजभाईचं हिरवं जाकीट होतं. आमची चौघांची सारखी जाकिटं आहेत. एकाच थानातली, ईदला शिवलेली. चाचा सतरंजीकडं बघत म्हणाले की जिंतूरहून परत बोलावणं आलंय, त्याच यजमानांकडून, मुलाचं नाव ठेवायचंय. त्यांनी हो म्हटलंय. या भिंतीत आता काही राहिलं नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं; डीपी जळाला त्याच दिवशी.

'पैन के देख,' भाभी म्हणाली.

'भाभी, मेरा बीच का आवाज है.'

'तो अब नीचे का कर.' तिनं जाकीट पुढं केलं. 'उनों लंबे थे. तू आधा है. मैं छोटा कर दी.'

मी घातलं. खांदे बरोबर बसले. तिनं ते बाजूंनी आत घेतलं होतं, खालून दुमडलं होतं, आणि टाके एवढे बारीक होते की आत घेतलेलं कापड परत सोडता येणार नाही असं वाटत होतं. शिवायला बरेच दिवस लागले असणार. म्हणजे ती कधीपासून शिवत होती, आणि मी कधीपासून भिंतीला भाऊ समजत होतो. तिनं खांद्यावरचा कापसाचा तंतू काढला आणि गेली.

मी मोईजभाईच्या जागी आलो. बसवेना, म्हणून भिंतीशी उभाच राहिलो. चाचा म्हणाले, 'सूर ले.' कुठून घेऊ? मी बाहेर गेलो, तो जायचा तसा, नव्या डीपीखाली उभा राहिलो. स्वच्छ करडा रंग, एकही डाग नाही, आवाज नाही. एक आजोबा समोरून म्हणाले, 'काय बेटा, शुगर?' मी आत आलो. तोंड मिटलं. आणि आठवेल तिथून सुरुवात केली, म्हणजे त्या दिवशीच्या बोरीपासून. घशात काहीतरी धरलं, कापलं, मग लागलं. चाचांनी नात उचलली असावी. मला ऐकू आली नाही. आस देणाऱ्याला नात ऐकू येत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपलाच सूर कवटीत भरतो, दात थरथरतात, आणि समोरची माणसं काचेपलीकडं तोंडं हलवतात. इतकी वर्षं तो आमच्यात बसला आणि त्यानं आम्हाला ऐकलंच नव्हतं. कार्यक्रम संपला की दरवेळी म्हणायचा, 'वाह, क्या पढे.' कशाला म्हणायचा? मी सूर सोडला नाही. बोरीच्या पुढं पेट्रोलपंप लागला, मग पऱ्हाट्या, मग वळणावरची बाभूळ. इथं का? बाभूळ मागं गेली. म्हैस आली, ड्रायव्हर थांबला. इथं का? म्हशीनं मान वळवून पाहिलं आणि ती पलीकडं उतरली. एक पूल, खाली पाणी नाही. एक शाळा, तिच्या भिंतीवर फळं आणि भाज्यांची चित्रं. प्रत्येक ठिकाणी मी थोडा थांबायचो आणि सूर थांबू द्यायचा नसल्यामुळं पुढं जायचो. त्याचा सूर जिथं सुटला तिथं माझ्याही घशात काहीतरी हलेल असं वाटत होतं. काही हललं नाही. रस्ता सगळा सारखाच होता, भरीव, कुठं चीर नसलेला. मग झरीचं चहाचं हॉटेल दिसलं आणि चाचांची आणि खाजाची तोंडं हलायची थांबली.

खाजानं डोळे पुसले. म्हणाला, 'अब बराबर है.'

म्हणजे ते पहिलं वाक्य झालंच. इतके दिवस कोणी न म्हटलेलं खाजानं म्हणून टाकलं, आणि तेही कौतुकानं. मी, 'वाह, क्या पढे,' असं म्हणालो, कारण त्या जागेवरून तेवढंच म्हणता येतं. जाकीट तसंच अंगावर ठेवून टपरीत आलो. उजेड होता, पंखा होता, करंट चांगला होता. मशीन सुरू केलं आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी लिहितो तसं लिहिलं:

प्रति, मा. सहायक अभियंता साहेब, शहर शाखा.

विषय: नवीन डीपी नादुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आमच्या गल्लीत बसविण्यात आलेला नवीन डीपी आवाज करीत नाही. जुना करीत असे. तरी नवीन डीपीच्या आतील पट्ट्या आवश्यक तेवढ्या ढिल्या करून द्याव्यात, अथवा जुना डीपी आहे त्या नादुरुस्त अवस्थेत मूळ जागी परत बसवावा. तेही शक्य नसल्यास, बोरी ते झरी या दरम्यान आवाज नेमका कोणत्या ठिकाणी बंद झाला, याची आपल्या स्तरावरून प्रत्यक्ष पाहणी करून मयताच्या पत्नीस तसे कळविण्यात यावे. आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत गादी कारखान्यातील सतरंजीवरची चौथी जागा रिक्त, अथवा भरलेली, समजण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.